शब्दचर्चा: खारजमीन, क्षारपड, खारपाण, खाजण

उरणकर
आमचं गाव 'तिसऱ्या मुंबई'च्या 124 गावांत आलंय. मार्च 2024 मध्ये उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतल्या गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलं, तेच. हरकतीचा ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचाय. वकिलांनी करून दिलेल्या मसुद्यात आमच्या भातशेतीला 'क्षारपड जमीन' म्हटलंय. गावातल्या एका काकांनी त्यावर काट मारून 'खारजमीन' लिहिलं. वकील म्हणतात दोन्ही एकच. खरंच एकच आहे का?

कृष्णाकाठ
अजिबात नाही. क्षारपड हा आमच्या सांगली-कोल्हापूरकडचा शब्द. उसाला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी सोडलं, निचरा झाला नाही, क्षार वर आले आणि रान पांढरं पडलं, ते क्षारपड. पाणी साचून राहिलं की चिबड. म्हणजे चांगली होती ती बिघडली. तुमच्या शेतात भात पिकतोय ना? मग हा शब्द कशाला ओढवून घेताय?

खारेपाटी
काका बरोबर आहेत. खारजमीन म्हणजे खाडीकडून बांध घालून मिळवलेली जमीन. पेण-अलिबागच्या आमच्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात आणि तिथलं भात पिढ्यान् पिढ्या पोटभर खाल्लं जातंय. काळा राता, भुरा राता हे खारं सोसणारे जुने भात. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून पनवेल 1, 2, 3 या जाती आल्या. जमीन खारट आहे म्हणून बियाणं तसं निवडलं, सोडून नाही दिली.

ठरावात जमिनीचं वर्णन करायचं असेल तर नुसतं 'खारजमीन' लिहून थांबू नका, तिची यंत्रणाही लिहा. खाडीच्या बाजूचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा. त्यात उघाडी असते: ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार मिटतं आणि खारं पाणी आत येत नाही. उधाणात बांध फुटला तर म्हणायचं 'खांड गेली'. आणि एका बांधाच्या आत येणारी सगळ्यांची मिळून शेती म्हणजे जोळ. खांड गेली की जोळातल्या घरटी एका माणसानं बांधावर जायचं, ही रीत सरकारी खारभूमी योजना येण्याआधीची. दोन-चार जणांनी जमीन विकली तर उरलेल्यांनी बांध कसा राखायचा, हा आमच्याकडचा खरा प्रश्न आहे आणि तो 'जोळ' या एका शब्दात मावतो. मसुद्यात तो हवाच.

पूर्णाकाठ
घोळात भर घालतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे खारपाणपट्टा आहे. तिथं जमीन समुद्राची नाही, विहिरीचं पाणी खारं. बातमीदार हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, तेव्हा चिडचिड होते.

मांडवीकाठ
गोव्यात खाजन म्हणतात, उघाडीला मानस. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींसाठी वेगळी तरतूद आहे, नकाशा करून त्या राखायच्या अशी. तुमच्या ठरावात 'खाजण' लिहायचं तर सांभाळून, कोकणात काही ठिकाणी ते न कसलेल्या खारट पाणथळीलाही म्हणतात.

उरणकर
म्हणजे 'पड' हा शब्दच घातक?

सातबारा
'पड' आणि 'पोटखराबा' दोन्ही. सातबाऱ्यावर पोटखराबा वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य. पूर्वी खांड गेलेल्या शेतात खारं पाणी शिरून तिवरं वाढली असतील, तर तिथं उलटाच पेच: ते क्षेत्र कांदळवन ठरतं, तोडायला मनाई, आणि मूळ शेतकऱ्याला बांध घालणंही अवघड. म्हणून पीकपाहणीच्या नोंदी आधी बघा, मग शब्द ठरवा.

आणखी एक शब्द सुचवतो: लाभक्षेत्र, म्हणजे धरणाचं पाणी मिळणारी जमीन. महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी 21 सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यातल्या 22 गावांत सरकारनं शेतकऱ्यांचं मत घेतलं, ती गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली होती. सिंचनाची जमीन घ्यायची का, हा वाद त्या एका शब्दावर उभा होता. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 10 मध्येही सिंचित बहुपीक जमिनीला विशेष संरक्षण आहे. तुमच्याकडे कालव्याचं पाणी येत असेल, दुसरं पीक निघत असेल तर ते नोंदीसकट लिहा. येत नसेल तर ओढूनताणून लिहू नका, सुनावणीत उघडं पडतं.

खारेपाटी
सेझच्या आठवणीनं एक शब्द डोक्यात राहिलाय: व्यपगत, म्हणजे मुदत संपून रद्द. 1894 च्या भूसंपादन कायद्यात कलम 6 ची, म्हणजे जमीन घेणार अशी, घोषणा झाल्यावर दोन वर्षांत भरपाईचा निवाडा झाला नाही तर संपादन व्यपगत व्हायचं. महामुंबई सेझचं तसंच झालं. गावात मात्र कुणी 'व्यपगत' म्हणालं नाही, सगळे म्हणायचे 'नोटीस मेली'.

कृष्णाकाठ
'नोटीस मेली' ठरावात चालणार नाही, पण सभेत नक्की टाळ्या घेईल.

उरणकर
धन्यवाद सगळ्यांना. काकांची काट कायम. वाक्य असं केलंय: 'सदर जमीन बाहेरकाठ्याने संरक्षित खारजमीन असून ती जोळ पद्धतीने कसली जाते, तिच्या बांधबंदिस्तीची व उघाड्यांची देखभाल खातेदार सामाईकपणे करतात.' वकिलांना 'जोळ' समजत नाहीये.

सातबारा
शब्द काढू नका. पुढे स्वल्पविराम देऊन 'म्हणजे एकाच बांधाने वेढलेली सामाईक जबाबदारीची शेती' एवढं जोडा. आणि 'सदर'ऐवजी गट क्रमांक द्या.