मदत हवी आहे: जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण जातच नाही

नमस्कार मंडळी. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत 8 कुंड्या आहेत. जास्वंदीच्या कळ्यांच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके, आणि खोडावरून मुंग्यांची रांग. या किडीचा, म्हणजे पिठ्या ढेकणाचा, गोड चिकटा खायला मिळतो म्हणून मुंग्या त्याला राखतात म्हणे, फुकटची राखणदारी! औषध मारायचं नाहीये, शेजारीच तुळस आहे आणि तिची पानं रोज चहात जातात. किडके शेंडे छाटले, गळलेली पानं उचलली, कात्री स्पिरिटने पुसली. तरी 15 दिवसांत परत हजर. छाटलेला पाला मी गॅलरीतल्याच कंपोस्टच्या बादलीत टाकत होते, तिथूनच चढतोय का? की कुंडीच्या काठाखाली अंडी राहतात? आणि नर्सरीतून आणलेलं रोप तुम्ही किती दिवस वेगळं ठेवता?