पेरू: पिसाकच्या वरच्या लॉजवर हीटर नाही, घ्यावं का? (मदत हवी आहे, तातडीने)

चिमणी_जर्सीची
नमस्कार मंडळी. पाल्हाळ लावत नाही, उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. पेरूमध्ये पिसाकच्या वर डोंगरात एक लॉज बघितलंय. मातीच्या विटांचं, सहाच खोल्या, खाली अख्खी दरी. फोटो बघून आईबाबा एकदम खूष. पण खोलीत हीटर नाही! विचारलं तर म्हणतात, रात्री गरम पाण्याची पिशवी देतो आणि लोकरीची चार पांघरुणं. मी घरचं इलेक्ट्रिक ब्लँकेट नेणार आहे. थंडी झेपेल का? आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा फक्त राहून आलेल्यांनीच लिहा प्लीज.

सह्यभटका
महिना कुठला? आणि "वर" म्हणजे किती वर? पिसाक गावच मुळात २,९७० मीटरच्या आसपास आहे. कळसूबाईच्या डोक्यावर राजगड ठेवा, साधारण तेवढ्या उंचीवर तिथला बाजार भरतो.

चिमणी_जर्सीची
जुलै. उंची मी विचारलीच नाहीये हो, हीटरचं विचारलंय. लॉजच्या साइटवर ३,७५० मीटर लिहिलंय.

खवय्या_नाना
शीर्षकात पेरू वाचून तिखटमीठ घेऊन आलो होतो. चालू द्या.

फ्यूज_उडाला
ब्लँकेट नेऊ नका. न्यू जर्सीतलं म्हणजे ते १२० व्होल्टचं असणार, पेरूत २२० आहे. अडॅप्टर नुसता पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. लावलंत की ब्लँकेट जळेल, वर सहा खोल्यांचा फ्यूज जाईल ते वेगळंच. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० छापलेलं असतं, ते बिनधास्त लावा.

रुळावरची_गाडी
मुळात पिसाक कशाला? ओयान्तायताम्बोला राहा. ते २,८०० च्या आसपास आहे, माचू पिचूची रेल्वे तिथूनच सुटते. आम्ही चौघं तिथेच राहिलो होतो, पहाटे उठून चालत स्टेशनवर. माचू पिचूची तिकिटं आधी काढा, जुलैत गर्दी असते. कुठल्या वेळेचा प्रवेश मिळतो त्यावर बाकीचं ठरवा.

चिमणी_जर्सीची
आम्ही माचू पिचूला जातच नाहीये.

रुळावरची_गाडी
काय??

बाजारबुणगी
नाही जात तर नाही जात, त्यात काय! पिसाकच्या बाजारात माझा अख्खा दिवस गेला होता. बाजार हल्ली रोज असतो, पण जायचं रविवारीच. वरच्या वाड्यांचे पुढारी चांदीने मढवलेल्या काठ्या घेऊन चर्चला येतात, बरोबरची पोरं शंख फुंकतात. तो आवाज ऐकून मला आपली देवळातली आरतीच आठवली. भाजीवाल्या बायका एका कडेला बसतात, मक्याची कणसं इतकी टपोरी की एकेक दाणा अंगठ्याच्या नखाएवढा. "बेबी अल्पाका" (लामासारख्या प्राण्याची मऊ लोकर) म्हणून शंभर ठिकाणी स्वेटर दाखवतील, त्यातले बरेचसे अ‍ॅक्रिलिक. सुटा धागा जाळून बघायचा. केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून गोळी झाली तर प्लॅस्टिक. अर्थात काडेपेटी काढलीत की दुकानदारीण तुम्हालाच बाहेर काढेल. आणि मातीच्या भट्टीतले एम्पानादा (करंजीसारखे असतात) घ्याल तिथेच एक छोटासा किल्ला बांधलेला दिसेल, त्यात गिनीपिग खेळत असतात. आईंना ते गोजिरवाणे वाटतील. कशासाठी पाळलेत ते सांगू नका.

डॉ_खडूस
धागा बाजारात हरवण्याआधी: हीटर हा तिसरा प्रश्न आहे. पहिला, लॉजच्या आदल्या रात्री झोपणार कुठे? दुसरा, आईवडिलांची वयं आणि चालू औषधं?

चिमणी_जर्सीची
आदली रात्र लिमात. सकाळच्या विमानाने कुस्को, तिथून गाडीने सरळ लॉज, तासा-दीड तासाचा रस्ता आहे. बाबा ७१, आई ६६. आईला काही नाही. बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय पण आता ठणठणीत आहेत, रोज पाच किलोमीटर चालतात.

डॉ_खडूस
अहो ताई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! लिमा समुद्राकाठी. सकाळी तिथे उठायचं आणि रात्री ३,७५० मीटरवर झोपायचं? ३,००० च्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये असं सांगतात, तुम्ही तर शून्यावरून निघालात. रोज चालणं चांगलंच, पण विरळ हवा ते विचारत नाही, धडधाकट ट्रेकरसुद्धा आडवे होतात. बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, तीही त्यांनाच विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगून. डोस मी इथे लिहिणार नाही, विपूत (खाजगी विचारपुशीत) पण विचारू नका. तिथे बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजतासुद्धा खाली उतरायचं.

लेह_रिटर्न
डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. माझे सासरे ७४ व्या वर्षी लेहला आले, ३,५०० मीटर. खिशात कापराची पुडी, दर तासाला हुंगायचे. काहीही झालं नाही.

डॉ_खडूस
कापराने नाक मोकळं होतं. हवेतला प्राणवायू वाढत नाही. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस काय केलंत?

लेह_रिटर्न
हॉटेलात पडून होतो, ड्रायव्हरने कुठे नेलंच नाही.

डॉ_खडूस
मग सासऱ्यांना ड्रायव्हरने वाचवलं.

बाजारबुणगी
तिकडे कापराच्या जागी कोकाच्या पानांचा चहा देतात, हॉटेलात शिरल्याशिरल्या कप हातात. मला गवती चहासारखा लागला. डोकं थांबलं की नुसतं बरं वाटलं कोण जाणे. फक्त त्याच्या पुड्या जर्सीला आणू नका, अमेरिकेत ती पानं बेकायदा आहेत.

सह्यभटका
ताई, सोपं आहे, बेत उलटा करा. विमानतळच ३,३०० मीटरवर आहे, तेव्हा पहिल्या दिवशी कुस्कोतही थांबू नका. गाडीने खाली दरीत उतरा, पिसाक गावात किंवा उरुबाम्बाला चार रात्री काढा. बाजार, भग्नावशेष, सगळं तिथूनच होतं. वरच्या अवशेषांपर्यंत टॅक्सी जाते, आईबाबांना चढवत नेऊ नका. लॉज सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टर हो म्हणाले तर. नाहीतर दुपारचं जेवायला वर जा, फोटो काढा, झोपायला खाली या.

रुळावरची_गाडी
+१. आणि उरुबाम्बाहून ओयान्तायताम्बो जवळ आहे, जाता जाता माचू पिचू

सह्यभटका
अहो, त्यांना नाही जायचंय!

चिमणी_जर्सीची
बरं, लॉजला मेल टाकते. अजून एक, आषाढी त्याच आठवड्यात येतेय. आई उपास सोडणार नाही. काय मिळेल?

खवय्या_नाना
आता कसं बोललात! माझ्या विषयावर आलात. उपासाच्या ताटातलं निम्मं सामान त्याच खंडातून आलंय. बटाटा तिथलाच, अँडीजमधला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिथलाच, तिकडे त्याला युका म्हणतात. हिरवी मिरचीसुद्धा अमेरिकेतलीच. आणि राजगिरा! तिथल्या बाजारात किविचा म्हणून विचारा, आपल्या राजगिऱ्याचाच भाऊबंद. लाह्यांच्या वड्या मिळतात, थेट आपली चिक्की. एकादशी दुप्पट खाशी म्हणायला मोकळे.

सोवळ्यातली_शकू
म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधी आपले पूर्वज उपासाला काय खायचे?

खवय्या_नाना
वरी, शिंगाडा, रताळं.

डॉ_खडूस
रताळंही अमेरिकेतलंच.

सोवळ्यातली_शकू
हे जरा जास्तच होतंय.

बाजारबुणगी
पिसाकच्या वरच्या वाड्यांवर बटाट्याच्या हजाराहून जास्त जाती लावतात. क्वेचुआत, म्हणजे तिथल्या भाषेत, बटाट्याला "पापा" म्हणतात. एरवी सूप मागताना मात्र "सिन कार्ने" (मांस नको) एवढंच म्हणून भागत नाही, चिकनला तिथे मांसात धरत नाहीत. "सिन पोयो" (चिकन नको) पण म्हणा, आणि पाणी कशाचं ते विचारा.

फ्यूज_उडाला
लॉजवर बटाटे उकडणार असाल तर छोटा कुकर न्या. त्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशालाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

चिमणी_जर्सीची
लॉजचं उत्तर आलं. तारखा पुढे ढकलून शेवटच्या दोन रात्री देतायत, जास्तीचे पैसे नाहीत. आधी चार रात्री पिसाक गावात. सोमवारी बाबांच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल. ते नाही म्हणाले तर मी आणि आई वर, बाबा खाली गावात. बाबांना हे अजिबात पटलेलं नाही, सकाळपासून बोलत नाहीयेत. सगळ्यांचे आभार, पण हीटरचं अजून कुणीच सांगितलं नाही!

मौनीबाबा
पहिल्यांदाच लिहितेय, आयडी नवऱ्याचा आहे. त्याच बाजूला, अशाच मातीच्या भिंतींच्या लॉजवर जुलैत दोन रात्री होते. दिवसा ऊन इतकं की नाकाची सालं निघतात, टोपी आणि क्रीम विसरू नका. पाच-साडेपाचला ऊन डोंगरामागे गेलं की एकदम गारठा. पांघरुणात थंडी वाजत नाही, पण पांघरुणं इतकी जड की कूस बदलताना जीव जातो, आईंना दोनच द्या. खरी थंडी बाथरूमच्या फरशीला आहे. बाबांना रात्री उठावं लागत असेल तर जाड मोजे आणि रबरी तळाच्या चपला न्या. पिशवी पहाटे तीनपर्यंत गरम राहते. दुसरी आठच्या आतच मागून ठेवा, नंतर स्वयंपाकघराला कुलूप लागतं.