मदत हवी आहे: मुलांच्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी गोष्ट रचतेय, पण पात्रं वेगळी ऐकू येत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी व्हायोलिन शिकवते. वाजवायला लागून दुसरं वर्ष चालू असलेल्या मुलांच्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी चार मिनिटांची एक गोष्ट रचते आहे, वाजवून सांगायची. वादक 21 आहेत: पहिली व्हायोलिन 7, दुसरी व्हायोलिन 7, व्हिओला 2, चेलो 4, डबल बास 1. सगळे पहिल्या पोझिशनमध्येच (डावा हात तारांच्या टोकाशी, न सरकवता) वाजवतात. चेलोच्या मुलांना बोट ताणून वाजवायचे स्वर अजून शिकवलेले नाहीत.

गोष्ट अशी. एक पतंग तुटतो. वारा त्याला लांब नेतो. कावळे त्याला परका पक्षी समजून घेरतात. वावटळ उठते आणि शेवटी एक जुनं झाड त्याला फांदीत धरून ठेवतं. पतंग पहिल्या व्हायोलिनकडे, वारा दुसऱ्या व्हायोलिनकडे, कावळे व्हिओला आणि चेलोकडे, झाड बासकडे, अशी वाटणी केली आहे.

मुलं सुरात आहेत, तालात आहेत, मनापासून वाजवतात. तरी गोष्ट माहीत नसलेल्या एका सहकाऱ्याला ऐकवलं तेव्हा त्याला पतंग कुठे संपतो आणि वारा कुठे सुरू होतो ते कळलं नाही. वावटळीत तर सगळ्यांचाच ट्रेमोलो (गज भराभर पुढेमागे थरथरवणं), त्यात पतंगाची सुरावट पार बुडते. रशियन संगीतकार प्रोकोफिएवच्या 1936 सालच्या ‘पीटर आणि लांडगा’मध्ये पक्षी बासरीवर, बदक ओबोवर, मांजर क्लॅरिनेटवर, आणि तंतुवाद्यांचं अख्खं कुटुंब मिळून एकटा पीटर! माझ्याकडे फक्त ते कुटुंबच आहे आणि त्यातूनच चार पात्रं उभी करायची आहेत.

अडचणी तीन. एक, वर सांगितलेली. दोन, तुकडा डी मेजर या उजळ स्वरसप्तकात आहे, कारण मुलांची बोटं तिथे पक्की बसली आहेत. पण कावळ्यांचा प्रसंगही उजळ, आनंदी वाटतो. उदास वाटणारं डी मायनर करून पाहिलं तर बी फ्लॅटवर (बीच्या अर्धा स्वर खाली) चेलो अडखळतात. तीन, निवेदक ठेवावा का? माझं मन नको म्हणतं. गोष्ट निवेदकाने सांगितली तर मुलांचं वाजवणं मागचं पार्श्वसंगीत होऊन बसेल.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. बास वाजवणारा मुलगा शेवटच्या अर्ध्या मिनिटापर्यंत नुसते विराम मोजत उभा असतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, विषय फार आवडला. माझ्या मते पात्रं वाद्यांना वाटून हा प्रश्न सुटायचा नाही. व्हायोलिन आणि व्हिओला यांच्या आवाजातला फरक आपल्याला सहज कळतो, मागच्या रांगेत बसलेल्या पालकांना नाही. त्यांना कळते ती चाल. पात्र कसं चालतं, कुठे थांबतं, कुठे उडी मारतं, हे लयीत बांधा.

नुसत्या तंतुवाद्यांवर गोष्ट सांगायची परंपरा जुनी आहे. टेलेमान या जर्मन संगीतकाराची ‘डॉन किहोते’ या कादंबरीवरची सुइट (छोट्या तुकड्यांची मालिका) ऐका. त्यात डॉनच्या रोसिनांते घोड्याची दौड आणि लगेच त्याचा सेवक सांचो याच्या गाढवाची चाल येते. वाद्यं तीच, पण घोडा सलग पळतो आणि गाढव अडत अडत. कुणी न सांगता कळतं.

त्याहून तुमच्या उपयोगाचा विवाल्दी. 1725 साली छापलेल्या ‘चार ऋतूं’मधला ‘वसंत’ घ्या, त्याचा मधला संथ भाग. एकल व्हायोलिन म्हणजे झोपलेला गुराखी, लांब शांत स्वर. बाकीची व्हायोलिन म्हणजे पानांची सळसळ, हलकी, एकसारखी. आणि व्हिओला म्हणजे भुंकणारा कुत्रा. प्रत्येक मापात (तालाच्या एका ठरलेल्या तुकड्यात) एकाच स्वरावर दोन आघात, जोरात, ओरबाडल्यासारखे. चेलो-बास या भागात नाहीतच. तीन पात्रं एकाच वेळी वाजतात आणि एकही दुसऱ्यात मिसळत नाही, कारण एक लांब, एक बारीक, एक तुटक. व्हिओलाच्या त्या पट्टीत, म्हणजे त्याला लिहून दिलेल्या स्वरांत, अवघड काहीच नाही, दुसऱ्या वर्षाचं मूल वाजवेल, पण तो कुत्रा विसरता येत नाही.

म्हणून पतंगाला एकच ठरलेली हालचाल द्या. समजा, मोकळ्या (बोट न ठेवलेल्या) डी तारेवरून मोकळ्या ए तारेवर उडी आणि मग हळूहळू खाली उतरणं. तो कुठेही आला तरी त्याच उडीने यावा. वाऱ्याला सुरावट देऊच नका. डाव्या हाताने चारही तारा हलक्या दाबून स्वर बंद करायचा आणि गज अगदी हलका, लांब ओढायचा. नुसता श्वासासारखा आवाज येतो. मुलांना हे करायला फार आवडतं आणि बेसूर व्हायची भीती नाही.

वावटळीत ट्रेमोलो फक्त दुसऱ्या व्हायोलिनकडे ठेवा, गजाच्या टोकाशी, कमी लांबीत. गज मधोमध घेतला की मुलं हमखास जोर लावतात. पतंगाची उडी त्या वेळी सातही जणांनी वाजवायची गरज नाही. एकटीदुकटीने वाजवली तर तो जास्त एकटा वाटेल.

प्रतिसाद २

मी चेलो शिकवते, म्हणून दुसऱ्या अडचणीबद्दल बोलते. डी मायनर सोडा. ए तारेवरचा बी फ्लॅट चेलोला पहिलं बोट मागे ताणून घ्यावा लागतो, आणि तुमच्या मुलांना ते शिकवलेलंच नाही. व्हायोलिनलाही एफ नॅचरल आणि बी फ्लॅटसाठी बोटांची ठेवण बदलावी लागते.

काळोख आणायला बोटं बदलायची गरजच नाही, घर बदला. डी मेजरचेच सगळे स्वर ठेवा, फक्त ई हा आधारस्वर धरा. ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प, डी. या स्वररचनेला ई डोरियन म्हणतात. बोटं तीच, पण रंग सावळा. बासची सर्वांत खालची तार मोकळीच ई आहे. तिच्यावर लांब स्वर धरायला लावा, चेलोंना वर बी द्या, त्या दोन स्वरांवर कावळे सोडा. पतंगाची उडीही इथे ई ते बी होऊ द्या. शेवटी झाडाजवळ पुन्हा डी आला की उजेड आपोआप पडतो, कारण डी, ए, जी या मोकळ्या तारा सगळ्याच वाद्यांत घुमतात.

कावळ्यांसाठी घोडीजवळ (तारांना आधार देणाऱ्या लाकडी पुलाजवळ) गज चालवून पाहा, कर्कश, काचेसारखा आवाज निघतो. व्हिओलाचं शरीर त्याच्या स्वरांच्या मानाने लहान असतं, म्हणून त्याच्या खालच्या तारांत मुळातच घोगरेपणा आहे. दोनच व्हिओला असल्या तरी प्रमुख कावळे तेच होऊ द्या. गजाच्या काठीने टकटक करायची असेल तर गजाऐवजी पेन्सिली वापरा, गज खराब होत नाहीत.

आता तुमच्या बासवाल्या मुलाबद्दल. हे मला रचनेतलंच वाटतं. झाड सुरुवातीला ऐकूच आलं नसेल तर शेवटी ते ऐकणाऱ्याला ओळखीचं कसं वाटणार? पहिल्या मापापासून झाड तिथे उभं असू द्या. बासने मोकळी डी बोटाने छेडायची, मग मोकळी ए, संथ. पतंग त्या झाडाजवळूनच उडतो. वारा त्याला नेतो तसं ते छेडणं विरळ होत जातं आणि कावळ्यांच्या प्रसंगात बास गज उचलून दुसऱ्याच घरात जातो. वावटळीच्या ऐन मध्यावर झाडाचा एक स्वर, तोच जुना, छेडून. प्रेक्षक कान टवकारतील. मुलाला मोजायला विरामही कमी राहतील.

प्रतिसाद ३

निवेदकाबद्दल थोडक्यात. ठेवायचाच असेल तर वादन चालू असताना बोलू देऊ नका. चेलो आणि व्हिओला माणसाच्या बोलण्याइतक्याच उंचीच्या स्वरांत वाजतात, शब्द कळत नाहीत. सुरुवातीला चार वाक्यं, मग पूर्ण संगीत. विवाल्दीनेही ‘चार ऋतूं’च्या कवितांच्या ओळी स्वरलिपीत छापल्या होत्या. तसंच करा, प्रत्येक मुलाच्या कागदावर त्या त्या मापाच्या वर लिहा: ‘इथे कावळ्याची नजर पडते’. नुसतं ‘जोरात’ लिहिण्यापेक्षा मुलं फार वेगळं वाजवतात.

धागाकर्ती

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार! ई डोरियन आजच्या तालमीत करून पाहिलं. बोटांबद्दल एकही सूचना द्यावी लागली नाही, आणि दुसऱ्या व्हायोलिनमधली एक मुलगी म्हणाली, आता भीती वाटतेय. बासची पट्टी पहिल्या मापापासून नव्याने लिहिते आहे. निवेदक नाही, कागदावर ओळी लिहिणार.

एक शंका उरली. वारा मोजून वाजवला की कवायतीसारखा होतो, सगळे गज एकदम वर, एकदम खाली. तो मोकळा कसा लिहायचा?

प्रतिसाद १

चौकट लिहा. पट्टीवर एक चौकट काढून आत फक्त कृती: ‘तारा बंद, गज लांब, आपापल्या गतीने’. चौकटीपुढे एक आडवी रेघ, ती जिथे संपते तिथवर चालू ठेवायचं. मोजायचं नाही, तुमच्या हाताकडे बघायचं. डावा हात उघडला की सुरू, मिटला की बंद. शेजाऱ्याबरोबर गज जुळू द्यायचा नाही, हीच एक सूचना द्या. मात्र पतंगाची सुरावट त्याच वेळी तालात असेल, म्हणून तुमचा उजवा हात पहिल्या व्हायोलिनसाठी ठोके देत राहिला पाहिजे. दोन्ही हातांची कामं वेगळी होतात, आरशासमोर सराव करून घ्या.

वावटळीच्या मापांत चौकट आणि ट्रेमोलो दोन्ही एकदम ठेवू नका, आधी चौकट, मग त्यातून ट्रेमोलो.

प्रतिसाद २

आणि पट्ट्या लिहून झाल्या की इथे टाका. चेलो आणि बासच्या बोटांचे क्रमांक मी घालून देते.