इंटर्न्सना पेशंटशी बोलायला शिकवायचं कसं? रोलप्लेचं नुसतं हसं होतंय

वॉर्डातला_मास्तर:
मेडिसिनला शिकवतो, यंदा कम्युनिकेशन स्किल्सचं लोढणं माझ्या गळ्यात आलंय. वाईट बातमी सांगायच्या स्पाइक्स पद्धतीच्या सहाही पायऱ्या स्लाइडवर दाखवल्या, मग दोघादोघांना उभं केलं, एक डॉक्टर एक पेशंट, बाकीचे खिदळतायत. ऑस्कीला, म्हणजे चेकलिस्टवर मार्क देतात त्या प्रात्यक्षिक परीक्षेला, तर कहरच. पोरगा कागदात डोकं घालून म्हणतो "मी समजू शकतो तुम्हाला काय वाटत असेल", आणि त्याच दमात "लघवीला जळजळ होते का?" मार्क द्यावे लागले, चेकलिस्टवर 'सहानुभूती दाखवली' असा चौकोनच आहे ना. काय करू?

जुनी_ओपीडीवाली:
वाक्यं पाठ करून घेतली की पोपटच तयार होणार. मी आधी फक्त गप्प बसायला शिकवते. बेकमन आणि फ्रँकेलचा 1984 चा अभ्यास आहे, डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते आणि 74 पैकी फक्त 17 जणांना सुरुवातीचं बोलणं पूर्ण करता आलं. म्हणून माझ्याकडे नियम, "काय होतंय" विचारलं की पेशंट थांबेपर्यंत पेन टेबलावर. जीव कासावीस होतो पोरांचा, पण बहुतेक पेशंट दोनेक मिनिटांत आपणहून थांबतात. एका इंटर्नने असंच थांबून ऐकलं तर डोकेदुखीवाल्या बाई शेवटी म्हणाल्या, भाऊ मेंदूच्या गाठीने गेला. त्या डोकं दाखवायला आल्याच नव्हत्या, भीती दाखवायला आल्या होत्या.
आणि वर्गमित्राला पेशंट करू नका हो, हसणारच. बाहेरचा माणूस तयार करा, हॉवर्ड बॅरोज या अमेरिकन न्यूरोलॉजिस्टने 1963 मध्येच हे सुरू केलं होतं. त्या माणसालाच नंतर विचारा, कुठल्या क्षणी वाटलं की हा आपलं ऐकत नाहीये. तुमच्या फीडबॅकपेक्षा ते जास्त झोंबतं.

नाइटड्यूटी_रेसिडेंट:
सगळं पटलं, पण राउंडला काय दिसतं ते पण बोला की. बेडच्या पायथ्याशी उभं राहून पेशंटदेखत "प्रोग्नोसिस पुअर" (बरं होण्याची आशा कमी) म्हणायचं आणि पुढच्या बेडकडे सरकायचं, पेशंट आमच्या तोंडाकडे बघत राहतो. आम्ही तेच उचलतो, स्लाइड कोण लक्षात ठेवतंय. माझ्या एका सीनियरने मात्र बायोप्सीचा रिपोर्ट सांगायच्या आधी खुर्ची ओढली, बसले, विचारलं "तुम्हाला आत्तापर्यंत काय काय सांगितलंय?" पेशंटला वाटत होतं साधी सूज आहे. न विचारता थेट सांगितलं असतं तर काय झालं असतं. हीच ती स्पाइक्सची दुसरी पायरी, हे मला फार नंतर कळलं.

वॉर्डातला_मास्तर:
राउंडचं बोलणं लागलं, कारण मी पण पायथ्याशीच उभा राहतो. आज खुर्ची घेऊन बसलो, राउंड लांबला, पोरं चुळबुळत होती. पेनचा नियम पण लावला. एकीने पेशंट बोलत असताना सगळा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढला, नियम मोडला नाही म्हणते. हिला काय सांगू?