गाजरापेक्षा पालेभाजी

रोज गाजराचा रस प्यायला की उतारवयात डोळ्याचा पडदा शाबूत राहतो, असं बरेचजण सांगतात; पण ते तसं नाही. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनतं, त्याचा उपयोग रातांधळेपणावर. पडद्याच्या मध्यभागी साठतात ती ल्युटिन आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं, आणि ती मिळतात पालक, मेथी, चाकवतातून. सांगलीच्या बाजारात यांना काय तोटा! पण नुसत्या उकडून खाऊ नका. तेलाची फोडणी, शेंगदाण्याचं कूट हवंच, स्निग्धाशिवाय ही द्रव्यं नीट अंगी लागत नाहीत.

पडद्यासाठीच्या गोळ्यांचं म्हणाल, तर अमेरिकेत वयानुसार पडदा झिजण्यावर झालेल्या एरेड्स-२ या चाचणीनंतर (२०१३) त्यांतलं बीटा कॅरोटीन काढून हीच दोन घातली, १० आणि २ मिलिग्रॅम. बीटा कॅरोटीनने सिगारेट ओढणाऱ्यांत, सोडलेल्यांतही, फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढत होता. जुन्या बाटलीवरचं लेबल वाचाच. या गोळ्या पडदा झिजण्याच्या मधल्या टप्प्यातल्यांसाठी, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर. मोतीबिंदूला मात्र शस्त्रक्रियाच.