मंदीनंतर भाव खरंच चढलेत का, कसं तपासायचं? (उंड्री, २ बीएचके)

मृणाल_हडपसर:
पुण्याच्या उंड्री-पिसोळी भागात गुंतवणुकीसाठी २ बीएचके बघतेय. बजेट ७० लाख. एक पर्याय जुन्या सोसायटीतला रीसेल. दुसरा, गेल्या मंदीत बंद पडलेला प्रकल्प, जो आता नव्या बिल्डरने हाती घेतलाय. तिथे दर बराच कमी आहे. एजंट म्हणतो भाव चढायला लागलेत, थांबलात तर हातचं जाईल. यावर विश्वास कितपत ठेवायचा? आणि बंद पडलेल्या प्रकल्पात नेमकं काय बघायचं?

सूची_दोन:
ताई, एजंटचा आणि पोर्टलवरचा भाव हा सांगायचा भाव. झालेला व्यवहार सूची २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) मध्ये सापडतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि साल टाकून त्याच सोसायटीचे तीन-चार वर्षांचे दस्त काढा. 'मोबदला' हा रकाना घ्या. 'बाजारभाव' नको, तो रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारी दरपत्रकावरून, आलेला आकडा असतो. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा. ५८ चौ.मी. म्हणजे ६२४ चौ.फूट, मोबदला ५२ लाख असेल तर दर सुमारे ८,३३० रुपये.

इथे हमखास फसायला होतं. जुन्या दस्तांत बऱ्याचदा बिल्ट-अप (भिंती धरून) क्षेत्र असतं, रेरा हा गृहप्रकल्पांच्या नियंत्रणाचा कायदा आल्यानंतरच्या दस्तांत कार्पेट (घराच्या आतलं वापराचं). दोन्ही एकाच तक्त्यात मांडले की भाव वाढल्यासारखे दिसतात, प्रत्यक्षात फक्त मोजमाप बदललेलं असतं. एकाच जातीचे दस्त वेगळे काढा, पार्किंग आणि टेरेसचं क्षेत्र बाजूला ठेवा.

नोंदण्यांच्या संख्येवरही भुलू नका. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी होतं, मग मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी. ३१ डिसेंबरआधी शुल्क भरून पुढच्या चार महिन्यांत नोंदणी करायची मुभा होती, त्यामुळे पुढची कितीतरी मागणी त्या काळात ओढली गेली. म्हणून नोंदणीची तारीख सोडा, 'दस्तऐवज करून दिल्याचा दिनांक' बघा.

साइट_इंजिनीअर_पुणे:
बंद प्रकल्पाबद्दल लिहितो. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी कोसळल्यावर बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांचा पैसा आटला आणि कितीतरी साइट अर्ध्यावर थांबल्या. नवा बिल्डर आला म्हणजे सगळं सुटलं असं नाही.

महारेराच्या (रेराचं राज्यातलं प्राधिकरण) पानावर आधी प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, बदलल्याची मंजुरी शोधा. रेरा कलम १५ प्रमाणे दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती आणि प्राधिकरणाची परवानगी, दोन्ही लागतात. ती नसेल आणि 'आम्ही भागीदार आहोत' असं सांगत असतील तर तिथेच थांबा. मग सीएचं प्रमाणपत्र उघडा: उरलेल्या बांधकामाचा खर्च एकीकडे, विकलेल्या फ्लॅटचं येणं अधिक न विकलेल्यांची किंमत दुसरीकडे. पहिला आकडा मोठा असेल तर काम पुन्हा थांबणार. जुन्या ग्राहकांनी बहुतेक पैसे आधीच भरलेले असतात, म्हणजे त्यांच्या घरांचाही भार तुमच्यासारख्या नव्या ग्राहकांवर येतो. दर कमी असण्याचं एक कारण हेही.

प्रकल्प कुणाकडे गहाण आहे तेही बघा. ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून तुमच्या फ्लॅट नंबरचं ना-हरकत पत्र करारापूर्वी घ्या, नाहीतर तुमची बँक हप्ता सोडणार नाही. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. कलम १३ नुसार त्यांना घेताच येत नाही.

साइटवर जाल तेव्हा अर्धवट राहिलेल्या कॉलममधून वर आलेल्या सळया बघा. वरवरची लाली ब्रशने निघते. पापुद्रे सुटत असतील तर सळईचा व्यास घटलाय. तळघरात पाणी साचून राहिलं होतं का, तेही विचारा. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा, त्यात रीबाउंड हॅमरसोबत (काँक्रीटच्या पृष्ठभागावर ठोकून केलेली चाचणी) कोअर टेस्टचे (काँक्रीटचा तुकडा काढून तपासणी) आकडे हवेत. नुसतं 'सुस्थितीत' असं पत्र चालणार नाही.

हप्त्याचा_हिशोब:
आकडे मांडतो. ७० लाखांचा रीसेल: मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ४.९ लाख (महिलेच्या नावावर १ टक्का सवलत), नोंदणी ३० हजार. म्हणजे ७५.२ लाख. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर वर ५ टक्के जीएसटी, आणखी ३.५ लाख. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही, त्यामुळे बंद प्रकल्पातला 'दर कमी' हा फरक यातच बराच खपतो.

भाडं २० हजार धरा, वर्षात एक महिना रिकामा. २.२ लाखांतून मेंटेनन्सचे ३६ हजार आणि मिळकत कराचे १५ हजार वजा केले की १.६९ लाख उरतात, म्हणजे ७५.२ लाखांवर सव्वादोन टक्के. ५६ लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्के दराने, २० वर्षांसाठी, साधारण ४८,६०० रुपये. भाड्यातून हप्त्याचा निम्मा भागही निघत नाही. सगळी मदार भाववाढीवर आहे, म्हणून सूची २ चा अभ्यास टाळू नका. खर्च वजा जाता भाड्यातले महिन्याला १४ हजार धरले, तरी दरमहा उरलेले ३४-३५ हजार स्वतःच्या खिशातून पाच वर्षं भरता येणार नसतील, तर माझ्या मते हा व्यवहार करू नये.

मृणाल_हडपसर:
खूप आभार. रीसेलच ठरवला तर कागद कोणते?

सूची_दोन:
आधीच्या सगळ्या खरेदीदारांचे नोंदणीकृत दस्त सलग, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, विकणाऱ्याच्या कर्जाचं फोरक्लोजर पत्र (कर्ज फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं बँकेचं पत्र). हस्तांतरण शुल्क २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) झालंय का, हे मात्र स्वतः विचारा, एजंट तो विषय काढत नाही. झालं नसेल तर जमीन अजून मूळ मालक किंवा बिल्डरच्या नावावर आहे. डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर करून देत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून करून घेण्याचा) अर्ज केला असेल तर त्याची पोच बघा आणि भाव ठरवताना ते धरा.