टर्मिनेटर २: टी-१००० टाइम मशीनमधून आलाच कसा?

निशाचर:
टर्मिनेटरचे पहिले दोन भाग परत लागोपाठ बघितले आणि जुना प्रश्न पुन्हा छळायला लागलाय. पहिल्या भागात (१९८४) भविष्यातून आलेला सैनिक काईल रीस पोलीस स्टेशनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सिल्बरमनला स्वच्छ सांगतो की मशीनमधून निर्जीव काही येत नाही, म्हणून अंगावर कपडे नाहीत आणि हातात बंदूकही नाही. मग टर्मिनेटर (टी-८००), म्हणजे माणसासारखा दिसणारा मारेकरी रोबोट, त्याचा धातूचा सांगाडा कसा आला म्हटल्यावर उत्तर मिळतं की त्याच्यावर जिवंत मांस आणि कातडी आहे, सजीवाच्या शरीराच्या फील्डशी काहीतरी संबंध आहे, आणि मशीन काय मी बनवलेलं नाही. इथपर्यंत पटतं. पण दुसऱ्या भागातला (१९९१) नवा मारेकरी रोबोट टी-१००० तर सगळाच्या सगळा द्रव धातू आहे ना, त्याच्यात जिवंत पेशी एकसुद्धा नाही, तरी तो पुलाखाली आरामात अवतरतो आणि पिक्चरमध्ये कोणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. कोणाकडे पटेल असं उत्तर आहे का? ‘पिक्चर आहे, सोड’ हे उत्तर नको, कारण ज्या पिक्चरने नियम स्वतः घालून दिला त्याच्याकडून तो पाळण्याची अपेक्षा ठेवणं मला रास्त वाटतं.

नटबोल्ट:
माझ्या मते नियम रीसला जेवढा कळला तेवढाच आपल्याला कळलाय. तो सैनिक आहे, त्याला जे सांगून पाठवलं ते तो बोलतो. शिवाय ‘आता दुसरं कोणी येणार नाही, फक्त तो आणि मी’ हेही तोच सांगतो आणि तेही पुढे खोटं ठरतंच की. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला सारा कॉनर सांगते ना, स्कायनेटने (भविष्यात माणसांविरुद्ध लढणारी संगणकप्रणाली) दोन टर्मिनेटर पाठवले होते, एक १९८४ मध्ये तिला मारायला आणि दुसरा तिच्या लहान मुलाला, जॉनला मारायला. रीसला हे माहीत असायचं कारणच नाही.

निशाचर:
@नटबोल्ट, दुसरा टर्मिनेटर येण्याबद्दल मान्य. पण निर्जीव वस्तूचा नियम नुसता रीसचा गैरसमज असता तर स्कायनेटने आपला टी-८०० उघडा आणि निःशस्त्र का पाठवला? मशीन तर त्याचंच आहे. त्याला बंदूक पाठवता आली असती तर त्याने नक्की पाठवली असती. म्हणजे नियम खरा आहे आणि तो स्कायनेटलाही लागू आहे.

अर्धविराम:
हा मुद्दा बरोबर आहे. आता नियम नीट बघू. माणसाचे केस आणि नखं मृतच असतात, दातांवरच्या इनॅमलमध्येही पेशी नसतात, तरी रीस केसांसकट येतो. म्हणजे प्रत्येक कण जिवंत असायची गरज नाही, बाहेरून जिवंत आवरण असलं की आतलं खपतं. टी-८०० याच हिशोबाने आला. मग टी-१००० पण मांसाच्या पिशवीत घालून पाठवला असेल, स्कायनेटला कातडी वाढवता येतेच, उतरल्यावर पिशवी फाडली की झालं. पडद्यावर असली पिशवी कुठेच दिसत नाही हे खरं, पण नियम न मोडता टी-१००० इथे आणायचा तर मला एवढा एकच मार्ग दिसतो. फक्त मग पुढचा प्रश्न आणखी अवघड होतो: त्याच पिशवीतून प्लाझ्मा रायफल का नाही आली? अणुबॉम्ब का नाही? स्कायनेटकडे साराचं नाव आणि शहर एवढीच माहिती होती, म्हणून तर टी-८०० फोनबुक उघडून एकेका सारा कॉनरला मारत सुटतो, अशा वेळी आख्खं लॉस एंजेलिस उडवणं जास्त सोपं. बॉम्बचं एक उत्तर सुचतं, ज्या माणसांच्या कामातून स्कायनेट जन्माला येणार ती पण त्यात गेली तर? रायफलचं उत्तर मात्र मला सापडत नाही. तिसऱ्या भागात (२००३) टी-एक्स हत्यारं शरीरातच घेऊन येते आणि तिच्यावर वरून द्रव धातू आहे, कातडी नाही, म्हणजे तिथे नियम गुपचूप गुंडाळला असंच म्हणावं लागेल.

भट्टीवाला:
मी धातूंचं काम करतो त्यामुळे मला वेगळंच खटकतं, वजन. माणसाच्या आकाराएवढं म्हणजे साधारण ७० लिटर लोखंड घेतलं तर साडेपाचशे किलो होतं. टी-१००० त्याच आकाराचा, तरी हॉस्पिटलची फरशी होऊन पसरतो, हेलिकॉप्टर चालवतो, बाईकवर बसतो, कुठे काही दबत नाही. म्हणजे तो धातू अतिशय हलका असणार किंवा आतून पोकळ, आणि पोकळ असेल तर चालेल पण मग गोळ्या लागून त्याच्या अंगावर पडणारे खड्डे बघायला वेगळे हवेत.

आणि लिक्विड नायट्रोजनचा सीन, ज्यात टी-१००० गोठून फुटतो. उणे १९६ अंश हे खरं, पण १ किलो नायट्रोजन उकळताना फक्त २०० किलोज्यूलच्या आसपास उष्णता ओढतो, पाण्याला तेवढ्यालाच २२५७ लागतात. टँकरभर आहे म्हणून नायट्रोजन कमी पडणार नाही, वेळ कमी पडतो. गरम वस्तूवर पडला की मध्ये वाफेचा थर तयार होतो आणि थंडी आत जायला उशीर लागतो, तो चार पावलांत कडक होतो तसा होणार नाही. शिवाय थंड झाला की प्रत्येक धातू काचेसारखा फुटतो हेही खरं नाही, तांबं आणि अॅल्युमिनियम त्या तापमानाला पण वाकतात, साधं पोलाद मात्र ठिसूळ होतं. एक गोष्ट त्यांनी चांगली केली होती, १९९३ च्या स्पेशल एडिशनमध्ये परत वितळल्यावर त्याचा हात रेलिंगला चिकटतो, पाय जमिनीसारखे दिसायला लागतात, म्हणजे तो आतून बिघडलाय. थिएटरच्या प्रिंटमध्ये ते नव्हतं. ते ठेवायला हवं होतं.

नटबोल्ट:
पण सगळ्यात मोठा घोळ काळाच्याच बाबतीत आहे. पहिला भाग बंद वर्तुळ आहे: जॉन स्वतःच्या बापाला, म्हणजे रीसला, पाठवतो, साराचा फोटो शेवटी मेक्सिकोत काढला जातो आणि तोच फोटो भविष्यात रीसच्या खिशात असतो. त्यात काही बदलता येत नाही, भौतिकशास्त्रात नोविकोव्हचं स्वयंसुसंगतीचं तत्त्व म्हणतात ते हेच. दुसरा भाग म्हणतो नियती वगैरे काही नाही, २९ ऑगस्ट १९९७ चा स्कायनेटचा अणुहल्ला टाळता येतो. टाळला तर स्कायनेट नाही, स्कायनेट नाही तर रीस येणार नाही, मग जॉन कुठून आला? दोन्ही पिक्चर आपापल्या जागी मला आवडतात, पण एकाच विश्वात बसत नाहीत हे मी ठामपणे म्हणेन.

अर्धविराम:
फाटे फुटणारा काळ धरला तर बसतात, जॉन जुन्या फाट्यातला उरतो. फक्त मग फोटोचं वर्तुळ हा योगायोग ठरतो आणि पहिल्या भागाचा जीवच जातो, म्हणून मला ते नको वाटतं.

निशाचर:
भट्टीवाला, वजनाचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता, आता प्रत्येक सीन त्या नजरेने बघणार. आणि मांसाची पिशवी मला पटली, रायफलचा प्रश्न उघडाच आहे. अजून एक, दुसऱ्या भागाच्या शेवटी पहिल्या टर्मिनेटरची चिप आणि हात वितळत्या पोलादात टाकतात, या भागात जॉनला वाचवायला आलेला टी-८०० स्वतःही उतरतो, पण मारामारीत त्याचा जो हात गिअरमध्ये अडकून तुटला तो तसाच कारखान्यात राहिला ना? सायबरडाइनने (जिच्या कामातून स्कायनेट बनणार ती कंपनी) पहिल्या हाताचा अभ्यास आधी केलाच होता, मग हा दुसरा हात कोणाला सापडला असेल?